बारा ओट्यांचं गणित

हुसेन तांबोळी माणूस सज्जन, पण कुठलीही गोष्ट सरळ करतील तर शपथ. आधी तिचं गणित मांडायचं. त्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा! खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासायचं काम केलेलं. शंभर नग आले की त्यातले पाच काढायचे, ते उलटेपालटे करून बघायचे आणि उरलेल्या पंचाण्णवांचा निकाल लावायचा. हडपसरहून दोन बस बदलून जाता-येताही डोकं स्वस्थ नसे. रांग कोण मोडणार, एकानं मोडली की मागचे किती जण घुसणार, याचे अंदाज चालायचे. ते बरोबर यायचे, हीच तर पंचाईत. असलं डोकं निवृत्तीनंतर काय पोथी वाचत बसणार होतं?

हडपसर गावठाणातली त्यांची गल्ली बारा घरांची, त्यांचं घर अगदी आतल्या टोकाला. दर दारापुढे ओटा. कुणाचा दगडी, कुणाचा शहाबादी फरशीचा, आणि प्रत्येकाचा शेजाऱ्यापेक्षा चार बोटं पुढे सरकलेला. सायकलींच्या जमान्यात कुणाचं काही अडलं नाही. दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत मात्र अडलं. भर दुपारी हमीदाच्या, म्हणजे हुसेनभाईंच्या बायकोच्या, छातीत कळ आली आणि रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच थांबली. चौघांनी हमीदाला प्लास्टिकच्या खुर्चीत घालून बाहेर नेलं. खुर्ची दोनदा ओट्यांवर आपटली. वाचली बिचारी, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हृदय कमजोर आहे, झटका परत कधीही येईल आणि पुढच्या खेपेला दहा मिनिटांचा उशीरसुद्धा परवडणार नाही.

हुसेनभाईंनी टेप घेऊन गल्ली मोजली. प्रत्येकानं ओटा दोन फूट मागे घेतला की गाडी थेट दाराशी. पण घ्यायला हवेत बाराच्या बारा. एक जरी राहिला तरी गाडी तिथंच अडकणार.

मग सुरू झाल्या चकरा. आणि सांगतो, एकानंही नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, माणूस निदान भांडतो तरी. इथं प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी हमीदाची चौकशी आणि शेवटी तेच पालुपद, बाकीच्यांचं होऊ द्या, आमचं काय, आम्ही तयारच आहोत. समोरचे श्रीनिवास देशमाने बँकेत होते. ते म्हणाले, निम्म्याहून जास्त घरं झाली की मला कळवा, उगाच आधी त्रास देऊ नका. शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या, "दोघातिघांचं झालं की माझा बी फोडा." हुसेनभाई घरी येऊन कातावायचे. सगळे तयार, आणि एक दगड हलत नाही, हा काय प्रकार आहे?

इथं कारखान्यातलं डोकं जागं झालं. त्यांनी सुपात बारा चिंचोके मांडले आणि प्रत्येकाखाली कागदाचा कपटा ठेवला. कपट्यावर आकडा. किती ओटे फुटल्यावर हे घर आपला ओटा फोडील, तो आकडा. मथुराबाई दोन. आणखी एक घर दोन, एक तीन, दोन घरं चार, देशमाने सात, असं करत करत. स्वतःच्या चिंचोक्याखाली त्यांनी शून्य लिहिलं. विचारसुद्धा केला नाही, आपल्याच बायकोचा प्रश्न आहे, शून्यच असणार.

मांडून झाल्यावर ते उडालेच. शून्यवाला एक होता, दोनवाले होते, पण एकवाला कुणीच नव्हता! म्हणजे आपला ओटा फुटला तरी मोजणी एकावर थांबणार आणि दोनवाले दुसऱ्याची वाट बघत बसणार. मधे एक माणूस मिळाला की दोनवाले हलतील, त्यांच्यामुळे तीनवाला, मग चारवाले, आणि बघता बघता अख्खी गल्ली रिकामी. त्यांनी हमीदाला बोलावून दाखवलं. लोक वाईट नाहीत, त्यांना पटतही नाही असं नाही, फक्त साखळीतली एक कडी कमी आहे. हमीदानं सगळं ऐकून घेतलं आणि सुपात तांदूळ निवडायचेत म्हणाली.

त्या एका माणसाच्या शोधात पावसाळा गेला. किती घरांचे उंबरे झिजवले त्याला गणती नाही. मथुराबाईंना दोनावरून एकावर आणायला तर ते सहा वेळा गेले. सातव्या वेळी त्या बाई वैतागल्या आणि खरं बोलल्या. म्हणाल्या, आम्ही काय डोकी मोजतो होय, आम्ही आप्पासाहेबांचं बघतो. ते म्हणतील तसं. हुसेनभाईंनी कपाळावर हात मारला. सहा महिन्यांचं गणित मुळातच चुकलेलं! लोक किती जणांनी केलं ते बघत नाहीत, कुणी केलं ते बघतात. त्यांनी नवा कागद घेऊन बाणांचा नकाशा काढला, कोण कुणाकडे बघतो त्याचा. फिरून फिरून बाण एकाच घरात शिरत होते.

आप्पासाहेबांचं घर गल्लीच्या तोंडाशी. एकेकाळी पन्नास एकरांचे धनी. जमिनींवर कारखाने उभे राहिले, तरी गावात शब्द अजून त्यांचाच. त्यांचा ओटा सगळ्यांत रुंद, त्यावर सकाळ-संध्याकाळ बैठक. हुसेनभाई ऑक्टोबरातल्या एका सकाळी नकाशा घेऊन गेले आणि अर्धा तास बोलले. बाण दाखवले, आकडे दाखवले, तुम्ही एकट्यानं मनावर घेतलं तर गल्ली चार दिवसांत मोकळी होते, हे पटवून दिलं. आप्पासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. कागद परत हातात दिला.

"हुसेनभाई, तुमचा ओटा कुठं मोडलाय?"

हुसेनभाई गडबडले. म्हणाले, मी तर पहिल्या दिवसापासून तयार आहे.

"तयार तर समदी गल्लीच हाय," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

हुसेनभाई तणतणत घरी आले. हमीदा ओट्यावरच मेथी निवडत बसली होती. तिच्यापुढे त्यांनी सगळा राग ओकला. बघ म्हणे, सगळे बाण ज्याच्याकडे, तो माझ्याकडे बोट दाखवतो. मी काय बोलघेवडा आहे? आपण आधी फोडला आणि मागून कुणीच आलं नाही, तर? दारापुढं खड्डा घेऊन बसायचं आणि गल्लीनं हसायचं? सगळ्यांचं ठरू दे, मग एका दिवसात...

बोलता बोलता ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांना ऐकू आलं होतं.

"तुमच्या कागदावर तुमच्यापुढं शून्य आहे ना?" हमीदा म्हणाली. मेथीवरची नजर तिनं काढली नाही. "अहो, ते अकरा आहे. आधी अकरा फुटावेत, मग तुमचा."

 हुसेनभाईंना स्वतःची इतकी चीड आली की जेवणसुद्धा गेलं नाही. अकरा घरांना आठ महिने नावं ठेवली, बारावं घर तपासायला काढलंच नाही. उमेदवारीतल्या पोरानंही अशी चूक केली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः पहार घेतली. एकसष्टाव्या वर्षी दगड फोडणं म्हणजे खायचं काम नाही. दुपारपर्यंत हाताला फोड आले. गल्ली आपापल्या ओट्यांवर बसून बघत होती. कुणी पाणी विचारलं, कुणी जपून म्हणालं, उठून मात्र कुणी आलं नाही. संध्याकाळी दोन फूट जागा मोकळी झाली. हुसेनभाई हात-पाय धुऊन बाहेर येतात तो त्या जागेत देशमान्यांची स्कूटर उभी!

आता मात्र त्यांचा पारा चढला. आठ महिन्यांत ज्यांनी आवाज चढवला नाही ते भर गल्लीत कडाडले. देशमाने बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, जागा मोकळी दिसली म्हणून लावली, त्यात एवढं काय झालं.   रागानं म्हणा नाहीतर दमल्यामुळं म्हणा, हुसेनभाई तिथंच मातीत खाली बसले.

मथुराबाई आपल्या दारातून हे बघत होत्या. त्या पायऱ्या उतरून आल्या आणि देशमान्यांना म्हणाल्या, "काढा ती गाडी. तिथनं बाई न्यायची हाय." देशमान्यांनी मुकाट्यानं स्कूटर काढली. मग मथुराबाई वळल्या. "हुसेनभाई, सकाळी पहार आमच्याकडं आणा. माझा बी फोडून टाकू."

हुसेनभाई चक्रावले. आप्पासाहेबांचं काय, असं त्यांनी विचारलं.

"त्यांचं ते बघतील," मथुराबाई म्हणाल्या. "फोड आलेलं हात मला दिसत्यात की."

हुसेनभाई घरात आले. हमीदा भिंतीला टेकून बसली होती. हल्ली चार पावलं चाललं तरी तिला धाप लागायची. ते तिच्यापाशी बसले आणि म्हणाले, "उद्या दोन होतील. राहिले दहा."

"फेब्रुवारीतच फोडला असतात तर?" हमीदानं विचारलं.

 मग तिनं हुसेनभाईंचा हात ओढून मांडीवर घेतला आणि फोडांना खोबरेल लावू लागली.