अकरा टक्क्यांचं मीठपाणी

म्हैसूरजवळ कडकोळच्या लोणच्याच्या कारखान्यात काकड्या मुरवायचं मीठपाणी मी करायचे. त्याआधी वर्षभर उभ्यानं काकड्या निवडल्या, पाय सुजायचे. टाकीपाशी स्टूल होतं. ही जागा गेली तर, ही धास्ती हूटगळ्ळीहून बस धरल्यापासूनच सुरू व्हायची.

माझी रीत अशी. वीस टक्क्यांचं कडक पाणी ओतायचं, वापरून परत आलेलं पाच टक्क्यांचं फिकं ओतायचं आणि खुणांची काचेची नळी सोडायची. नळी वर आली की फिकं घाल, बुडाली की कडक घाल. अकरावर पोचायचे मी, पण शंभर किलो हवं तिथं दीडशे झालेलं असायचं. वरचं गटारात. साहेबांनी सांगितलं, महिनाअखेरीपर्यंत हे थांबलं नाही तर टाकी नव्या बाईकडे जाईल.

नवी बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातली. निम्मं कन्नडच बोलायची. ‘खारट’ हा शब्दसुद्धा तिला आठवायचा नाही. मी सांगलीकडची, मनात हसायचे. एकदा तिनं टाकीवर खडूनं दोन ओळी लिहिल्या, दोन्ही पाणी काट्यावर तोलून ओतलं, नळी एकदाच सोडली. अकरा. माझं हसू तिथंच आटलं. माझी शाळा सहावीत सुटली आणि हिला हे असं सहज यावं! ती जेवायला गेल्यावर मी ओल्या फडक्यानं तो खडू पुसून टाकला. आठ दिवस विचारलं नाही. मग पुन्हा पाणी गटारात गेलं, तेव्हा तिला विचारलं.

“कडक किती ते ठाऊक नाही ना अक्का, त्याला एक्स म्हणा. मग फिकं किती?”

“ते तरी मला कुठं ठाऊक आहे?”

“शंभरातून एक्स काढला की उरलं ते फिकं. अष्टे, इतकंच. सुम्ने, उगाच घाबरू नका.”

मी इतके दिवस ठाऊक नसलेल्या दोन आकड्यांच्या मागे धावत होते. ठाऊक नसलेला आकडा एकच होता. वीस एक्स, त्यात पाच गुणिले कंसातलं शंभर वजा एक्स, बरोबर अकरा गुणिले शंभर, अकराशे. म्हणजे पंधरा एक्स बरोबर सहाशे. कडक चाळीस, फिकं साठ. तिनं तीनदा करून घेतलं, एकदाही कंटाळली नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

महिनाअखेरीला साहेब टाकीपाशी येऊन उभे राहिले. मागणी वेगळी, ऐंशी किलो, चौदा टक्के. मी खडू घेतला. टाकीवर लिहिलं, कडक अठ्ठेचाळीस आणि फिकं बत्तीस. नळी चौदावर थांबली. टाकी माझ्याकडे राहिली.

साहेब मात्र तिच्याकडे वळून म्हणाले, “छान शिकवलंस.”

ती लाजून हसली. मी तिचे आभार मानले, अगदी मनापासून. आणि टाकीवरचा खडू, या वेळी माझाच, संध्याकाळपर्यंत पुसला नाही.