आम्ही केलेला सत्कार

आमच्याकडे एखाद्यावर जीव जडला की त्याचा सत्कार करतात. गप्प बसून जीव लावणं आम्हाला जमत नाही. कुणाचं पोरगं दहावी पास झालं, कुणी रक्तदान केलं, कुणाच्या गुडघ्याची वाटी बदलून झाली, की लगेच शाल, श्रीफळ आणि चौकात फ्लेक्स. कामोठ्यात आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावरचा खांब मी कधी उघडा पाहिलेला नाही. त्या खांबावर एकदा अफगाणिस्तानातल्या एका मुलीचा फोटो लागला होता. ती माझी भाडेकरू.

आमच्या शेजारचा एका खोलीचा फ्लॅटही आमचाच. ह्यांनी ऐन उमेदीत वाशीच्या मार्केटात पाठीवर बटाट्याच्या गोणी वाहिल्या, पुढे गाळ्यावर बसले, त्यातून तो झाला. मी द्रोणागिरीला कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात. बंदरात अडकलेले कंटेनर सोडवायचे हे माझं काम. ती मुलगी पलीकडच्या कॉलेजात शिकायला आली होती, आपल्याच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. तेव्हा तिच्या देशात वेगळं सरकार होतं. मग राजवट बदलली, मुलींच्या शाळा-कॉलेजांना कुलपं लागली आणि हिचे परतीचे दोर कापले गेले. एक डिग्री संपली तशी तिने दुसरीला नाव घातलं, कारण शिक्षण संपलं की व्हिसा संपणार. हॉस्टेल सोडावं लागलं म्हणून ती माझ्याकडे आली.

सोसायटीच्या कमिटीने आधी नाकं मुरडली. एकजण म्हणाला, ‘‘फॉरेनर आहे, उद्या काय झालं तर टेन्शन कोण घेनार?’’ दुसरा जरा चाचरत म्हणाला, ‘‘आणि वहिनी, ती आपल्यातली पन नाय ना.’’ मी काही बोलायच्या आतच हे हसत म्हणाले, ‘‘आवो, हिनं ठेवलीया म्हंजे ठेवलीया. आता देव आला तरी काढू शकायचा न्हाय.’’ पोलीस व्हेरिफिकेशन, परदेशी माणसाची नोंद, सगळं मी स्वतः करून आणलं आणि चेअरमनच्या टेबलावर आपटलं.

ती हजारा जमातीची होती. बारीक डोळे, गोल चेहरा. तिकडे ह्या चेहऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राग आहे, असं ती सांगायची. शाळेवर, मशिदीवर, बसवर, कुठेही घाला पडतो. आमच्या भाजीवाल्याने तिला पहिल्या दिवशीच ‘ए नेपाली’ अशी हाक मारली. मी त्याला झापणार, तर ती माझा हात धरून म्हणाली, ‘‘रहने दीजिए काकी. यहाँ कोई नहीं पहचानता, कितना आराम है.’’ हिंदी ती घरी धाकट्या बहिणीसोबत सिरियली बघून शिकली होती. त्यामुळे रागावली की सासूसारखी बोलायची, आणि आम्ही दोघी हसून लोळायचो.

तिच्या मनात सदा एकच गोष्ट असायची, तिची धाकटी बहीण. ती तिकडेच, आईबापांपाशी. बहीण घरातल्या मागच्या खोलीत गल्लीतल्या मुलींना शिकवायची. शिवणाचा क्लास म्हणून सांगायचं, पुढ्यात कापड ठेवायचं आणि कापडाखाली गणिताचं पुस्तक. तिला बाहेर काढायचं, एवढाच हिचा ध्यास. आपल्या देशाचा व्हिसा मागितला, त्याचं उत्तर महिनोन्‌महिने ‘प्रक्रियेत आहे’ असंच. मग युरोपातल्या एका देशाने अशा धोक्यातल्या बायकांसाठी माणुसकीच्या नात्याने एक योजना काढली. त्यांची परराष्ट्र नीतीच म्हणे बायकांच्या हक्कांवर उभी आहे. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. कुणीतरी कुठेतरी बसून ह्या पोरींचा विचार करतंय, असं वाटलं.

त्यांनी बहिणीची मुलाखत फोनवरून घेतली. अधिकारी बाई होती, आवाजाने प्रेमळ. तिने विचारलं, तुला स्वतःला, व्यक्तिशः, कुणी धमकी दिली आहे का? तुझं नाव कुणाला माहीत आहे का? बहीण खोटं बोलली नाही. म्हणाली, नाही, माझं नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून तर मी शिकवू शकते. अर्ज नामंजूर झाला. व्यक्तिगत धोक्याचा पुरावा नाही.

मी आयुष्यभर कंटेनरची कागदपत्रं पाहिली आहेत. आत नासणारा माल असेल तर त्याला आधी सोडतात. सडल्यावर या, असं कुठलंही बंदर म्हणत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र जगाची रीत अशी की आधी मारून घ्या, वळ दाखवा, मग बघू. मी त्या दिवशी खूप शिव्या दिल्या. ती माझ्या ओट्यापाशी उभी राहून कणीक मळत होती.

एव्हाना सोसायटी तिच्या प्रेमात पडली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आली, तिळगूळ घेतला, वाण म्हणून मिळालेली प्लॅस्टिकची डबी हौसेने मिरवली. जिन्यात पोरांची गणितं सोडवून द्यायची. ज्यांनी नाकं मुरडली तेच आता ‘आपली मुलगी’ म्हणू लागले. आमच्या लोकांचं हे असं आहे. आधी संशय घ्यायचा, नाहीतर एकदम हारच घालायचा. मधलं, म्हणजे माणसाला नुसतं सुखाने राहू देणं, ते काही आमच्या अंगात नाही.

महिला दिन आला. चेअरमन म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, कोकणातले, सूत्रसंचालनाची भारी हौस असलेले गृहस्थ. सत्काराआधी सत्कारमूर्तीचा परिचय वाचायचा असतो, आणि तो ते असा लिहायचे की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. त्यासाठी त्यांनी तिला घरी बोलावून चहा पाजला, बारीकसारीक विचारलं. वडिलांच्या वयाचा माणूस इतक्या मायेने विचारतोय म्हटल्यावर ती सगळं सांगून बसली. इकडे कुणी तिला असं विचारलं नव्हतंच. परिचय म्हणजे काय, तो कुठे जातो, ह्याची तिला कल्पना असायचं कारण नव्हतं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी त्या आठवड्यात एका अडकलेल्या मालापायी द्रोणागिरीला नाक घासत होते.

कार्यक्रमाला मांडव, खुर्च्या, आमच्या भागातले पुढारी, फेसबुक लाइव्ह, सगळा थाट. तिच्या कपाळावर कुंकू, अंगावर शाल, हातात नारळ. ती लाजून हसत होती. चेअरमनांनी माइक हातात घेतला. आवाज कापत होता त्यांचा, खरोखर कापत होता. ती कुठल्या जमातीची, कुठल्या गावची, हे त्यांनी सांगितलं. आणि मग म्हणाले, ‘‘हिची धाकटी भगिनी आजही, होय, आजही, प्राण तळहातावर घेऊन आपल्या राहत्या घरात मुलींना शिकवते आहे!’’ त्यांनी तिचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट घेतलं. म्हणाले, ‘‘तिच्यासाठी जोरदार टाळ्या!’’

टाळ्या झाल्या, शिट्ट्याही झाल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी पहिल्या रांगेत होते. शालीतला तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला. नारळ छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. मांडवाबाहेर आल्यावर तिने मला सांगितलं, तिच्या गावाकडे बाईचं नाव चारचौघांत उच्चारतच नाहीत. अमक्याची लेक, तमक्याची आई, संपलं. लग्नपत्रिकेतसुद्धा नवरीचं नाव नसतं, कबरीवरही नसतं. आमच्या आज्या नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, उखाण्यात लपवून घ्यायच्या. तिथे बाईच्या नावाला उखाणाही नाही. ‘‘और उन्होंने माइक पे बोला,’’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी तशीच उलटपावली चेअरमनांकडे गेले. लोकांसमोर नाही नाही ते बोलले. ते आधी चिडले, ‘‘अहो, मी तिचा गौरवच केला ना?’’ मग मी त्यांना सगळं समजावलं, तसा त्यांनी हातातला माइक खाली ठेवला. व्हिडिओ त्याच संध्याकाळी काढायला लावला. फ्लेक्सही उतरवला. पण गावभर झालेली गोष्ट परत पोतडीत कशी घालणार? पुढाऱ्याच्या पोरांनी तोवर तो तुकडा कापून, खाली इंग्रजीत आणि हिंदीत अक्षरं घालून, जगभर सोडला होता. आणि तो लोकांना आवडला होता, हेच तर वाईट.

काही दिवसांनी तिकडे बहिणीच्या घरी राजवटीची माणसं आली. मारलं नाही, मोडतोड केली नाही. बसून चहा प्यायले. वडिलांना मोबाइलवर तो तुकडा दाखवला आणि विचारलं, ही तुझीच ना? क्लास बंद झाला. गल्लीतल्या मुली येईनाशा झाल्या. आणि वडिलांना एक हमी द्यावी लागली, की ह्या मुलीवर एखाद्या पुरुषाचा वचक राहील. बापाचा तेवढा पुरेसा ठरला नव्हता. म्हणून त्यांनी तिचं लग्न लावून टाकलं. नवरा बिजवर, तीन मुलांचा बाप, वजन असलेला. वडिलांच्या मते त्यांनी मुलीला वाचवलं. मी त्यांना दोष देत बसत नाही. त्यांच्या जागी दुसरं काय उरलं होतं, मला सांगता येत नाही.

लग्नाला महिना लोटला नसेल, आणि त्या युरोपातल्या देशाकडून मेल आला. थोरली भाकरीच्या पिठाने भरलेल्या हातांनी माझ्याकडे धावत आली आणि फोन माझ्या पुढ्यात धरला. त्यांनी प्रकरण पुन्हा उघडलं होतं. समाजमाध्यमांवरून त्यांच्या नजरेस एक चित्रफीत आली होती, त्यामुळे अर्जदार महिलेला आता व्यक्तिगत धोका असल्याचं स्पष्ट होत होतं. तिला संरक्षण द्यायला ते तयार होते. फक्त तिने शेजारच्या देशातल्या त्यांच्या वकिलातीत स्वतः हजर राहायचं होतं.

मी तो मेल वाचला आणि मला हसू फुटलं, आणि मग रडूच आवरेना. आमच्या मांडवातला तो मूर्खपणा, तोच आता पुरावा. पण तिकडे बाईला सरहद्दीपर्यंत जायचं तर सोबत घरचा पुरुष लागतो. बाप चालला असता. लग्न झाल्यावर हुकूम नवऱ्याचा. नवरा म्हणाला, माझी बायको कुठे जाणार नाही. वकिलातीला कळवलं, की तिला येता येत नाही, तुम्ही काही करा. प्रेमळ आवाजाच्या त्या बाईने फार चांगल्या शब्दांत उत्तर दिलं. आम्हाला अतिशय वाईट वाटतं, परंतु प्रत्यक्ष उपस्थिती अनिवार्य आहे.

चेअरमनांनी त्यानंतर सूत्रसंचालन सोडलं. दिल्लीला पत्रं लिहिली, खासदारांच्या ऑफिसात खेपा घातल्या, ओळखीच्या निवृत्त सचिवाला गाठलं. सगळीकडे लोक आदराने वागले. एकाने तर त्यांना ह्या विषयावर व्याख्यान द्यायला बोलावलं. ते घरी येऊन माझ्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, ‘‘वहिनी, मी चांगलंच करायला गेलो हो.’’ मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही यायची. चहा मात्र मी करून द्यायचे.

मध्ये एका दुपारी माझी भाडेकरू फोन घेऊन आली. म्हणाली, बहीण आहे, तुमच्याशी बोलायचं म्हणते. नवरा बाहेर गेला होता, फोन त्याचा होता. मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. थोरलीसारखाच, जरा पातळ. मला वाटलं आता ही शिव्याशाप देईल, आणि ते ऐकून घ्यायची मनाची तयारी केली.

‘‘काकी,’’ ती म्हणाली, ‘‘उन साहब से कहिए, मैं नाराज़ नहीं हूँ. अब्बा सो जाते थे तब उनके फ़ोन पर मैं वो वीडियो देखती थी. बहुत बार देखा. इतने सारे लोग थे, और किसी ने मेरा नाम लिया. तालियाँ बजीं. अब तो वो वीडियो भी नहीं है मेरे पास.’’

मग म्हणाली, ‘‘यहाँ सब बच्चों की अम्मी बुलाते हैं. आप एक बार बोलेंगी?’’

मी तिचं नाव घेतलं. माझा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे मोठ्यानेच घेतलं. ती हसली, मला ऐकू आलं. तेवढ्यात पलीकडून दार वाजलं, पुरुषाचा आवाज आला, त्याने काहीतरी विचारलं, आणि फोन बंद झाला.

थोरली अजून माझ्याच शेजारी राहते. रोज एकदा तो नंबर लावून बघते. लागत नाही.