नऊ नंबरचा कायदा आणि सत्काराची तलवार

तहसील कचेरीच्या फाटकाजवळ माझं टेबल आहे. आठवडाभर मी तिथं लोकांचे अर्ज लिहितो आणि रविवारी, कचेरी बंद असताना, त्याच टेबलावर अंतराळ चालवतो. वाचून कुणाला हसू आलं तर येऊ दे, मला सवय आहे.

खेळाचं पुस्तक पुण्याहून भाच्यानं आणलं. तो दोन दिवसांत कंटाळला आणि मी अडकलो. कारण त्यात प्रत्येक ग्रहाची माहिती एका ओळीत, आकड्या-अक्षरांत लिहिलेली असते. ग्रह केवढा, हवा कशी, पाणी किती, राज्य कुणाचं. ग्रहाचा सातबाराच म्हणा. त्यातला एक आकडा कायद्याचा. शून्य म्हणजे तोफ खांद्यावर टाकून बाजार करा, कुणी विचारणार नाही. आकडा वाढेल तशी एकेक वस्तू बंद होत जाते. आधी बॉम्ब, मग बंदुका, मग सुरे. नऊ म्हणजे घराबाहेर कसलंही हत्यार बंद. एका आकड्यात अख्खा कायदा! पाच ओळींच्या तक्रारीला अकरा कागद जोडणाऱ्या माणसाला याचं वेड लागणारच.

खेळ तोंडी चालतो: ग्रहावर काय घडतं ते मी पुस्तक बघून सांगायचं, आपलं पात्र काय करतं ते खेळाडूंनी, आणि अडलं तिथं फासे टाकायचे. खेळाडू दोघं, दोघंही माझे शाळासोबती. एक बागायतदार. पंचायत समितीला उभं राहायचं म्हणून तो कित्येक वर्षं कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून फिरतो. त्याला सगळे पुढारी म्हणतात आणि तो ते मनावर घेतो. दुसरा दिवाळी झाली की बायकोसोबत ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्यात परततो. म्हणून आमचं अंतराळ वर्षातले सहा महिनेच चालू असतं. खेळात तो आमच्या यानाचा चालक. पुढारी खेळात काय करतो, हे मला अजून नीट कळलेलं नाही. बहुतेक मार्गदर्शन करतो.

कायद्याच्या आकड्यावरून पुढाऱ्याचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाजलं. मी सांगायचो, "या ग्रहावर कायदा सात."

"कागदावर सात. चालू किती?"

"चालू म्हणजे?"

"म्हंजी खुर्चीवर कोण बसलाय आन् आपल्या वळखीचं कोण हाय, ते सांग ना बे."

मी भडकायचो. तो माझी नजर चुकवून वहीत सातच्या खाली दोन लिहायचा आणि मी खोडरबर घेऊन ते खोडायचो. आठवडाभर जे डोळ्यांनी बघतो तेच रविवारीही बघायचं असेल, तर माणसानं अंतराळात जायचंच कशाला? माझ्या टेबलावर नऊ म्हणजे नऊ, हे मी दोघांनाही बजावून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि ऊसतोड टोळीला न्यायची गाडी मंगळवारी येणार असं कळलं. रविवारी तोडीवाला आल्या आल्या म्हणाला, "आज यान माझ्या घरी न्यायचं." त्याच्या चालकाचं घर एका भरपूर पाण्याच्या ग्रहावर होतं. त्याचं चित्र त्यानंच वहीत काढलं होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, बाजूला आंबा. पण दर वर्षी आम्ही अर्ध्या वाटेत असतानाच त्याची गाडी यायची आणि त्या ओट्यावर अजून कुणी बसलेलं नव्हतं.

"मी तिकडं फडात असताना ह्यो गडी तरी घरी ऱ्हावा," तो म्हणाला. मग उगाच फासे हातात घोळवत बसला.

मी ग्रहाची ओळ वाचली. कायदा नऊ. उतरायला तिथल्या प्रमुखाची परवानगी हवी, आणि ती मिळायला एक साधा अर्ज पुरे.

"मोकळ्या हातानं जात्यात का कुणाकडं?" पुढारी म्हणाला. "सत्कार करू. शाल, नारळ, फेटा आन् तलवार."

"पुन्हा विचार कर. कायदा नऊ आहे."

"सत्काराची तलवार हत्यार असती व्हय? नवरदेवाच्या हातात कट्यार असती, त्याला कुणी धरलंय का आजपोतर?"

यावर तोडीवाल्यानंही मान डोलावली. आमच्याकडं तलवारीशिवाय सत्काराला सत्कार म्हणत नाहीत, त्यामुळे दोघांनाही यात वावगं दिसेना. वर पुढाऱ्यानं त्याला सांगितलं, "तलवार तू धर, मी शाल घालतो. फोटोत मधी मी पायजे." तोडीवाल्यानं धरली. त्याला कुणी काही धर म्हटलं की तो धरतो.

यान उतरलं आणि नियमाप्रमाणे पहारेकऱ्यांनी तलवारवाल्याला, म्हणजे तोडीवाल्याच्या चालकाला, पकडलं. शिक्षेचे महिने ठरवायला मी फासा टाकला. सहा पडले.

"अबे, सत्काराला सहा म्हैने?" पुढारी उठून उभा राहिला. "चालू किती ते बघ!"

"चालूबिलू काही नाही."

"मग मला टाक आत. तलवार माझी व्हती."

"हातात कुणाच्या होती?"

पुढारी खाली बसला. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच फोटो सोडून दुसऱ्या कशाला तरी स्वतःला पुढं केलं होतं आणि मी तेही नियमात बसवलं नाही. तोडीवाला मात्र हसला. "जाऊ द्या. मी बी सहा म्हैने, ह्यो बी सहा म्हैने. जोडीनं सुटू." त्यानं घराचं पान मिटलं.

मला फार वाईट वाटलं. स्वतःचाच राग आला. पण फासा खोटा सांगणं माझ्याच्यानं होईना. मग मला जे येतं तेच केलं. कागद ओढला आणि त्या ग्रहाच्या प्रमुखाच्या नावानं दयेचा अर्ज लिहायला घेतला. अर्जात आधी कलम उतरवायचं असतं. 'घराबाहेर कसलंही हत्यार बाळगण्यास मनाई' असं लिहिलं आणि पहिल्याच शब्दावर थांबलो. कायद्याचं सगळं भांडण घराबाहेरशी होतं. कैद सहा महिने, हे फाशानं सांगितलं होतं. कुठं, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

मी उभा राहिलो. "प्रमुखांचा हुकूम. शिक्षा एक दिवसही कमी होणार नाही. आरोपीनं ती स्वतःच्या घरात भोगायची. सहा महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही."

तोडीवाला माझ्याकडं बघत राहिला. "कामाला बी जायचं न्हाई?"

"नाही."

"मुकादम आला तर?"

"आला तसा परत जाईल. कायदा नऊ आहे."

"आन् बायको?"

"तीही घरीच."

त्यानं वही पुन्हा उघडली. "घरात हत्यार चालतं ना?"

"घरात चालतं."

माझं पेन घेऊन त्यानं चित्रातल्या भिंतीवर एक खिळा काढला आणि खिळ्याला कोयता अडकवला. पुढाऱ्यानं वाकून बघितलं आणि चष्मा पुसायला काढला.

मंगळवारी सकाळी गाडी फाटकासमोरून गेली. सामानाच्या ढिगावर तो आणि त्याची बायको बसली होती. मी एका म्हातारीचा अर्ज लिहीत होतो.

"ए साहेब," तो वरून ओरडला, "त्यो घरीच हाय ना बे?"

"घरीच आहे," मी ओरडलो. "हलू देणार नाही त्याला."