मामाला दिलेली लेक

मैत्रिणींनो, दुपारपासून घशाखाली घास उतरेना.

आज माझ्या अंगणवाडीत लेकरांची तपासणी होती. सुनीताची पोरगी तीन वर्षांची झाली, अजून मान धरत न्हाई.

डॉक्टरांनी विचारलं, "लग्न नात्यात झालंय?"

सुनीताची आई कौतुकानं म्हणाली, "व्हय, माझ्याच धाकट्या भावाला दिलीय की!"

डॉक्टर म्हणाले, "कारण हेच असेल असं नाही. पण अशा लग्नात लेकरांना मेंदूचे आजार व्हायचा धोका वाढतो."

सुनीतानं माझ्याकडं बघितलं. "टीचर, तुमाला हे ठाऊक होतं?"

होतं. तिच्या लग्नाआधीच ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. तरी चिटगुप्पा गावाला तिच्या मांडवात अक्षता टाकल्या, जेवले, गुपचूप घरी आले.

पोरगी आईच्या खांद्यावर मान टाकून माझ्याकडं बघून हसत होती.

खरं सांगा, तुम्ही तरी बोलला असता का?