रुमालाखालचा हात

देवीवर मी तेव्हा खरंच चिडले होते. माझे सासरे, मामंजी, गुऱ्हाळावर पाय घसरून उकळत्या रसानं भाजले. दोन्ही पाय आणि डावा हात. नंदुरबारचे डॉक्टर दवाखान्यातच राहा म्हणत होते, पण मामंजींनी हट्टानं गाडी घरी, रनाळ्याला वळवली. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ. एक म्हणे कोरफड लावा, दुसरा म्हणे शाई ओता. शिवाय मामंजी स्वतः! भाकरी जाड, पाणी कोमट, उशी उंच. दिवसभर माझ्या नावानं शंख. सासूबाई हयात नव्हत्या, आणि सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, ही रीत वेगळीच. ताप तर हटेना. शेवटी आमच्या देवीपुढे, कानबाईपुढे पदर पसरला. म्हटलं, "बाई, एवढा ताप उतरव, तुझ्या नैवेद्याचे रोट वाजतगाजत करीन."

आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला! कपाळ थंड. यजमानांनी साखर वाटली. मामंजी तर एकदम गुणी झाले. कुरकुर नाही, काही मागणं नाही. उलट मलाच म्हणाले, "जेवनी का व माय?" लग्न होऊन आल्यापासून हे मला त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा श्वास भरभर चालला होता, तो आम्ही अशक्तपणावर ढकलला.

नेमका त्याच दुपारी नवापूरकडचा मिरचीचा व्यापारी उगवला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण मामंजींशी त्याची दरसालची घासाघीस. मी दारातूनच सांगितलं, माणूस आजारी आहे, परत जा. तो ओट्यावर फतकल मारून बसला. माशीसुद्धा हाकलली की उठते, हा उठेना. अखेर वैतागून यजमानांनी त्याला आत घेतलं.

आमच्याकडे मिरचीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून ठरवायचा. त्यानं मामंजींच्या उजव्या हातावर रुमाल टाकला. लगेच मामंजी म्हणाले, "चाल, तू म्हनशी तसं."

व्यापारी ताडकन उठला. "आबाना हात थंडागार शे! नाडी कशी पयी ऱ्हायनी! आनि पहिल्याच भावले हा म्हनस? हाऊ मन्हा आबा नई. सौदा ऱ्हाऊ द्या, गाडी जुंपा!"

नाडी पळतेय म्हणे, हा माझा आबा नव्हे म्हणे! मला त्याचा असा संताप आला! साखर वाटून झाली होती, आणि हा कोण सांगणारा? पण तो ऐकेना. गोठ्यातले बैल त्यानंच आणून जुंपले.

नंदुरबारला डॉक्टरांनी पट्टी सोडली तर खपलीखाली पू. म्हणाले, "हा ताप उतरलेला नाही, अंगाचं बळ सरत चाललंय. जखमेचं विष रक्तात भिनायला लागलंय. थंड हात, धाप, बदललेलं बोलणं, हीच त्याची सुरुवात. वेळेत आणलंत." त्यांनी जखमा धुतल्या, तेव्हा नव्यानंच निघालेल्या सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या. बरेच दिवस आमचा जीव टांगणीला होता. मी मनात देवीशी भांडत राहिले. मागितलं तेच दिलंस, आणि तेच जिवावर बेतलं! मग हळूहळू उमगलं, की मी मागितलं नव्हतं तेही तिनं दिलं होतं. ओट्यावर आणून बसवलं होतं, आणि मी त्याला हाकलत होते.

घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी मामंजींनी ताट सरकवलं. "हाई काय भाकर शे?" मी देव्हाऱ्यासमोर जाऊन आनंदानं ढसाढसा रडले.

तेव्हापासून कानबाईला काय द्यायचं ते मी सांगत नाही. हात जोडते नि म्हणते, बाई, मला मागता येत नाही, तुला देता येतं. तेवढ्यात ओसरीवरून मामंजी ओरडतात. ओरडू देत.