खिंडीपलीकडचा उतार

कोकणात जाताना खिंड आली की तुम्ही काय करता? सुटलो एकदाचे, म्हणून गाण्याचा आवाज वाढवता? मग तुम्हाला चाचा भेटायला हवे होते.

उचगावच्या रस्त्याला त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. त्याआधी तीस वर्षं ट्रक. गिऱ्हाईक कोकणात निघालंय असं कळलं, की ते हातातलं काम ठेवत आणि दोन मुठी जवळ आणत. "ही खिंड." मग उजवा तळवा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत वळणं घेत खाली नेत. "आन् ह्यो घाट. खिंडीत वारा लागतोय, घाटात ब्रेक लागतोय."

गिऱ्हाईक हसायचं, चाचा हसत नसत. त्यांच्या धाकट्या भावानं खिंड ओलांडल्यावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रल केला होता. तो तिसऱ्या वळणापर्यंत गेला.

त्याच उतारावर एक टेम्पो दरीत गेला, तेव्हा मी पेटलो. आमच्या घरात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकलो. अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो. मी लिहिलं, 'बळी घेणारी खिंड रुंद करा!' छापून आल्यावर पहिला कागद चाचांना दिला.

त्यांनी तो लांब धरून वाचला. "लिवलंय झकास. पर खिंडीनं कुणाला मारलंय रं?"

"चाचा, खिंड काय, घाट काय, लोकांना कळतं की."

"लोकास्नी कळतंय. हापिसाला न्हाय कळत. तू जे मागशील त्येच दील ते."

मी बदललं नाही. 'खिंड' म्हटलं की घोषणेला लढाईचा दम येतो, 'घाट' मला ढिला वाटला.

आम्ही मोर्चा काढला, सह्या दिल्या. आणि खरंच, बांधकाम खात्यानं खडक फोडून खिंड रुंद केली. पलीकडच्या वळणांना कठडा झाला नाही, कारण तो आम्ही मागितलाच नव्हता. पूर्वी समोरच्याला वाट द्यायला गाड्या खिंडीच्या तोंडाशी थांबायच्या. आता त्या आल्या वेगानं उतारावर जाऊ लागल्या.

मी पेढे घेऊन दुकानात गेलो. चाचांनी पेढा खिशात टाकला. "चल, गाडी काढ."

माझ्या मोटरसायकलवर मागे ते बसले, मांडीवर जीपचा जुना टायर. त्याला पांढरा रंग दिलेला, त्यावर काळी अक्षरं: खिंड झाली. घाट हाय. दुसरा गियर.

"शुद्ध लिहून देऊ का?" मी विचारलं.

"ड्रायव्हर वाचनार हाय, मास्तर न्हाय."

खिंडीच्या पलीकडे, उतार लागतो तिथल्या झाडाला आम्ही तो तारेनं बांधला. चाचा कडेला उभे राहिले. एक भरलेला ट्रक खिंडीतून आला. चाचांनी कान दिला. इंजिनाचा आवाज चढला, गाडीचा वेग उतरला.

"टाकला," ते म्हणाले. मग खिशातला पेढा काढून खाल्ला.

परतताना तिसऱ्या वळणाकडे त्यांनी पाहिलं नाही. मी मात्र घरी जाऊन दुसरं पत्रक लिहिलं, 'घाटाच्या उताराला कठडा द्या.' त्यात दम कमी होता, पण जागा बरोबर होती. त्याचाच अर्ज करून दिला, तो अजून कचेरीत आहे.

दर पावसाळ्यानंतर चाचा टायर रंगवून यायचे. या वर्षी ते नाहीत, आणि दुकानाला कुलूप आहे. परवा मी तिकडून गेलो, तर 'खिंड झाली' एवढंच वाचता येत होतं.

त्या बाजूला जाणार असाल तर थोडा काळा रंग सोबत न्या. खालच्या दोन ओळी गिरवा, त्यांच्याच शब्दांत. आणि निघण्याआधी एक ट्रक जाईपर्यंत थांबा. गियर टाकल्याचा आवाज येतो का, कान देऊन ऐका.