आत्याचं स्वच्छ तोंड

माझी आत्या शिवणकाम करते. पूर्वी तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. मग तिने पोपट पाळला.

"ऐकेल तेच बोलणार हा. त्याचं तोंड बिघडलं तर जबाबदार मीच!" म्हणाली आणि घरात शिवी देणं बंद केलं. गिऱ्हाइकाने डोकं फिरवलं, की "आलेच मी जरा!" म्हणून ती थेट गल्लीच्या टोकाला जाते, मनसोक्त शिव्या घालते आणि परत मशीनवर बसते. हे गल्लीभर ठाऊक आहे.

काल एक बाई तोच झगा तिसऱ्यांदा उसवायला घेऊन आल्या. आत्या काही बोलायच्या आत पिंजऱ्यातून ठसक्यात आवाज आला, "आलेच मी जरा!"

बाईंनी झगा मुकाट पिशवीत कोंबला.

आत्याने पोपटाला पेरूची फोड दिली. "तोंड माझंच," ती मला ऐटीत म्हणाली, "पण धुतलेलं!"